वाचकांचे प्रश्न : हेस्टिंग्ज, १४ ऑक्टोबर १०६६

इंग्लंडचा राजा एडवर्ड जानेवारी १०६६ मध्ये निपुत्रिक वारला. त्याच्या जागी हॅरल्ड गॉडविनसन बसला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम आणि हॅरल्ड यांची हेस्टिंग्जजवळच्या एका टेकडीवर गाठ पडली. हॅरल्ड मारला गेला आणि राज्य विल्यमच्या घराण्याकडे गेलं. या लढाईवर वाचकांकडून आलेले बरेचसे प्रश्न हॅरल्डच्या डोळ्यातल्या बाणाबद्दल होते. त्याचं उत्तर खाली आहेच. पण आमच्या मते निकाल लावला तो रसदीने आणि दिवसाच्या लांबीने, म्हणून त्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

गादीवर खरा हक्क कोणाचा? विल्यम तर परका होता ना? (नाशिक)

थोरल्या मुलाला गादी, हा नियम त्या काळच्या इंग्लंडमध्ये पक्का झालेला नव्हता. राजघराण्याचं रक्त, आधीच्या राजाची इच्छा आणि विटान म्हणजे सरदार-बिशपांच्या सभेचा होकार, या तिन्हींची सांगड बसली की राजा ठरे. १०६६ मध्ये या तिन्ही गोष्टी एका माणसाकडे नव्हत्या.

हॅरल्ड हा वेसेक्सचा अर्ल, राज्यातला सगळ्यांत बलाढ्य सरदार आणि एडवर्डच्या राणीचा सख्खा भाऊ. राजरक्त नाही, पण मरणाऱ्या राजाने राज्य त्याच्या हाती सोपवलं असं इंग्रज बखरी सांगतात, आणि विटानने ते मानलं. एडवर्ड ५ जानेवारीला गेला, दुसऱ्याच दिवशी हॅरल्डचा राज्याभिषेक झाला. विल्यमचं नातं एडवर्डच्या आईकडून. तिचा भाऊ हा विल्यमचा आजोबा. एडवर्डने आपल्याला राज्य द्यायचं कबूल केलं होतं आणि हॅरल्डने १०६४ च्या सुमारास नॉर्मंडीत संतांच्या अस्थींवर हात ठेवून तशी शपथही घेतली होती, असं विल्यमचं म्हणणं. नॉर्वेचा राजा हारल्ड हार्डराडा हा आधीच्या राजांमधल्या एका कराराकडे बोट दाखवत होता. रक्ताने सगळ्यांत जवळचा होता एडगर, राजा एडमंडचा नातू; पण तो पोरसवदा होता आणि परकी आरमारं दाराशी येणार हे दिसत असताना त्याला गादीवर बसवायला कोणी धजावलं नाही.

इंग्रज रिवाज पाहिला तर हॅरल्डची बाजू भक्कम होती. शपथेचा मुद्दा विल्यमला दुसरीकडे उपयोगी पडला. ब्रिटनी, फ्लँडर्स आणि फ्रान्सच्या इतर भागांतून माणसं गोळा करताना 'शपथ मोडणाऱ्याला शिक्षा' असं सांगता आलं. शिवाय जिंकलो तर जमिनी मिळतील हे आमिष होतंच.

हॅरल्डने सगळा उन्हाळा दक्षिण किनाऱ्यावर पहारा दिला. मग विल्यम उतरला तेव्हा किनाऱ्यावर कोणीच कसं नव्हतं? (पुणे)

कारण पहाऱ्याची शिधाशिदोरी संपली होती. हे नीट समजून घ्यायचं तर इंग्रज फौज कशी उभी राहत असे ते पाहावं लागेल.

राजाजवळ कायमची फौज थोडी होती. तिला हाउसकार्ल म्हणत. आपल्याकडची हुजुरात डोळ्यांसमोर आणा. बाकीची भरती जमिनीवर बसवलेली होती. सारा ठरवण्यासाठी जमीन 'हाइड' या मापाने मोजत. बर्कशायर परगण्याचा रिवाज पुढे १०८६ च्या मोजणीत लिहून ठेवला गेला: राजाने फौज बोलावली तर दर पाच हाइडमागे एक लढवय्या जाईल, आणि दोन महिन्यांच्या चाकरीसाठी प्रत्येक हाइड त्याला ४ शिलिंग देईल. म्हणजे माणसामागे २० शिलिंग. बारा पेनींचा एक शिलिंग धरला तर २४० चांदीच्या पेनी, दिवसाला साधारण चार. या पैशात त्याने स्वतःचं खाणं भागवायचं. सगळ्या परगण्यांचा रिवाज तंतोतंत हाच असेल असं नाही, पण चाकरीला मुदत होती आणि मुदतीनंतर पोटाची सोय नव्हती, हे यातून स्पष्ट दिसतं.

हॅरल्डने फौज आणि आरमार उन्हाळ्यात, विल्यम निघायच्या बरंच आधी, किनाऱ्यावर आणून बसवलं होतं. ८ सप्टेंबर उजाडला तेव्हा लोकांचं धान्य संपलं होतं आणि त्यांना आणखी थांबवणं कोणालाही शक्य नव्हतं, असं अँग्लो-सॅक्सन बखर लिहिते. सुगीचे दिवस, घरी पिकं उभी. त्याने फौज घरी पाठवली आणि जहाजं लंडनकडे रवाना केली. वाटेत त्यातली बरीच बुडाली. किनारा मोकळा झाला तो असा. शत्रूने तो जिंकून घेतला नव्हता.

विल्यमपुढेही तीच अडचण होती, आणि त्याने ती जास्त चांगली सोडवली. दीव्ह नदीच्या मुखाशी त्याची फौज महिनाभर वाऱ्याची वाट पाहत बसली. त्याचा चरित्रकार विल्यम ऑफ प्वातिए सांगतो की ड्यूकने शिपायांना स्वतःच्या खर्चाने पोसलं आणि आसपासच्या गावांना हात लावू दिला नाही. चरित्रकार धन्याचा भाट आहे, तेव्हा यातलं थोडं वजा करायला हवं. तरी फौज फुटली नाही हे खरं. एक हिशेब करून पाहा: एका घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. दोन हजार घोडे धरले तर रोज ५० ते ८० हजार लिटर, शिवाय वैरण आणि लिदीची विल्हेवाट. महिनाभर एकाच जागी तळ ठेवून रोगराई न होऊ देणं हेच मोठं काम होतं.

सप्टेंबरच्या मध्यावर आरमार वर सोम नदीच्या मुखाशी, सँ-व्हालेरीला सरकलं. २७ सप्टेंबरला दक्षिणेचा वारा सुटला आणि त्याच रात्री जहाजं निघाली. त्या वेळी हॅरल्ड उत्तरेत यॉर्कजवळ होता.

घोडे समुद्रातून कसे नेले? (सोलापूर)

साध्या लांब, उथळ जहाजांतून. बायोच्या भरतकामात (सुमारे ७० मीटर लांबीची ही तागाच्या कापडावर लोकरीने भरलेली पट्टी लढाईनंतर काही वर्षांतच तयार झाली) घोड्यांची डोकी जहाजाच्या काठावरून ओळीने बाहेर दिसतात. ही जहाजं कमी पाण्यात तरंगत, त्यामुळे थेट वाळूवर चढवता येत; डोलकाठी खाली उतरवायची, जहाज थोडं कलतं करायचं आणि घोड्याला काठावरून उतरवून घ्यायचं. चित्रात घोडे तसेच पाय टाकून उतरताना दिसतात. प्रवास एका रात्रीचा होता म्हणून हे जमलं. वादळ आलं असतं तर उभ्या घोड्यांनीच जहाजं उलटवली असती, आणि विल्यम महिना-दीड महिना वाऱ्याची वाट पाहत का बसला, याचं हेही एक कारण आहे.

त्याच रात्रीची एक गोष्ट प्वातिएने दिली आहे. विल्यमचं 'मोरा' हे जहाज, पत्नी मटिल्डाने दिलेलं, इतरांपेक्षा वेगाने पुढे गेलं. पहाटे डोलकाठीवर माणूस चढवला तर चारही बाजूंना नुसतं पाणी. विल्यमने नांगर टाकायला लावला आणि घरी बसल्यासारखा मसाला घातलेल्या वाइनबरोबर पोटभर न्याहारी केली. दुसऱ्यांदा माणूस चढला तेव्हा चार जहाजं दिसली, पुढच्या वेळी शिडांचं रान.

हॅरल्डची फौज थकलेली होती म्हणून हरली, असं शाळेत वाचलं होतं. ते खरं का? (छत्रपती संभाजीनगर)

अर्धंच खरं. आधी तारखा मांडू. २० सप्टेंबरला यॉर्कजवळ फुलफर्ड इथे हार्डराडाने उत्तरेतल्या दोन इंग्रज अर्लांना, एडविन आणि मॉर्कार यांना हरवलं. हॅरल्डचा रुसलेला भाऊ टॉस्टिग हार्डराडाच्या बाजूने होता. हॅरल्ड लंडनहून सुमारे ३०० किलोमीटर चार-पाच दिवसांत कापून गेला आणि २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिजवर त्याने नॉर्वेकरांना बेसावध गाठलं. हार्डराडा आणि टॉस्टिग दोघेही पडले. सुमारे ३०० जहाजांतून आलेले लोक २४ जहाजांत मावले, एवढेच परत गेले. तीनच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, विल्यम पेव्हेन्सीला उतरला. हॅरल्ड परत लंडनला आला, काही दिवस थांबला आणि ११ ऑक्टोबरच्या सुमारास निघून १३ च्या संध्याकाळी ९० किलोमीटरवरच्या त्या टेकडीपाशी पोचला.

इतकं अंतर इतक्या दिवसांत पायी कापता येत नाही. इंग्रज लढवय्ये लढत पायउतार होऊन, पण रणापर्यंत जात घोड्यावरून. थेन (जमीनदार लढवय्ये) आणि हाउसकार्ल यांच्याकडे तट्टं होती, त्यामुळे ते राजाबरोबर धावू शकले. पायी चालणारे मागे राहिले. तिरंदाज बहुतेक पायी चालणाऱ्यांतले. हेस्टिंग्जला इंग्रजांकडे धनुष्यं जवळजवळ नव्हती (बायोच्या पट्टीत एकच इंग्रज तिरंदाज दिसतो), त्यामागे घाई हे कारण असण्याची दाट शक्यता आहे.

म्हणून थकव्यापेक्षा गैरहजेरी मोठी. एडविन-मॉर्कारची फौज फुलफर्डला मोडली होती. स्टॅमफर्ड ब्रिजला हुजुरातीतले कसलेले लोक कामी आले होते. दक्षिणेतली माणसं अजून येत होती. १४ तारखेला सकाळी विल्यम चालून आला तेव्हा हॅरल्डची सगळी फौज जमलेली आणि रांगेत लागलेलीही नव्हती, हे बखरींनी नोंदवलं आहे.

थांबला असता तर? हेस्टिंग्जच्या दोन्ही बाजूंना तेव्हा खाड्या-दलदली होत्या आणि विल्यमचा तळ जवळपास बेटावरच होता. नाक्यावर मोर्चा धरून, इंग्रज आरमार मागून आणून, दोन-तीन आठवड्यांत त्याची रसद आटवता आली असती. हॅरल्ड थांबला नाही, कारण विल्यम जाणूनबुजून ससेक्समधली गावं जाळत होता, आणि ससेक्स हा हॅरल्डच्या घराण्याचा स्वतःचा मुलूख. नवा राजा, नऊ महिन्यांचं राज्य. आपली रयत जळत असताना बसून राहिला तर त्याला राजा कोण म्हणणार? चूक समजण्यासारखी आहे, पण चूकच आहे. स्टॅमफर्ड ब्रिजला जी झडप घालून तो जिंकला, तीच इथे घालायला गेला. इथला शत्रू मात्र टेहळणीची पथकं बाहेर ठेवून जागा होता.

'ढालींची भिंत' म्हणजे नेमकं काय, आणि ती फुटली कशी? (कोल्हापूर)

टेकडीचा माथा साधारण ७०० मीटर रुंद होता. प्रत्येक बाजूची फौज आजचे अभ्यासक ५ ते ८ हजारांच्या दरम्यान धरतात. इंग्रज ७,००० धरले आणि कुऱ्हाड चालवायला माणशी एक मीटर जागा दिली तर एका रांगेत ७०० माणसं आणि मागे दहा रांगा. ढाल ढालीवर चढवून दाटीने उभं राहिलं, माणशी ६० सेंटिमीटर, तर एका रांगेत बाराशेच्या आसपास आणि खोली सहा रांगांची. बगलांना चढ आणि झाडी, मागे रान. अशा जागी समोरूनच यावं लागतं, तेही चढून.

पुढच्या रांगेत चिलखतवाले. लोखंडी कड्यांच्या जाळीचं चिलखत दहा ते पंधरा किलोंचं, डोक्यावर नाकपट्टीचं शिरस्त्राण, हातात पतंगाच्या आकाराची, साधारण १.२ मीटर लांबीची ढाल. खांद्यापासून नडगीपर्यंत डावी बाजू झाकणारी. भाले बाहेर काढलेले. घोडा अशा भिंतीत शिरत नाही. त्याला फट दिसली तरच तो पुढे जातो; सलग ढाली आणि भाल्यांची टोकं दिसली की थबकतो किंवा वळतो. त्यामुळे नॉर्मन स्वार भिंतीजवळ येऊन भाला फेकत किंवा वरून टोचत आणि वळून जात.

भिंतीतली कमजोर जागा म्हणजे तिचंच सगळ्यांत भयंकर शस्त्र. माणसाच्या छातीपर्यंत दांडा असलेली डॅनिश कुऱ्हाड घोडा आणि स्वार दोघांनाही तोडत असे. पण ती दोन हातांनी चालते. ढाल पाठीवर टाकावी लागते आणि बाजूला वळायला जागा लागते. म्हणजे जिथे कुऱ्हाडवाला उभा, तिथे भिंत सैल. शेजारच्याने आपल्या ढालीने त्याला झाकायचं, तो घाव घालून मागे सरकायचा. हा मेळ जुन्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांतच बसतो. ते मेले आणि मागच्या रांगेतला नवखा पुढे आला की मेळ तुटतो.

विल्यमने फौज तीन फळ्यांत लावली: डावीकडे ब्रेटन, मधे नॉर्मन, उजवीकडे फ्रेंच आणि फ्लेमिश. प्रत्येक फळीत पुढे तिरंदाज, मग पायदळ, मग घोडदळ. सकाळी नऊच्या सुमारास बाण सुरू झाले आणि फारसं काही साधलं नाही. खालून वर मारलेला बाण एक तर ढालीत रुततो नाहीतर डोक्यावरून पलीकडे जातो. शिवाय समोरून बाण येत नसल्याने वेचून परत मारायलाही मिळत नाहीत; भाते रिकामे झाले की मागून पुरवठा येईपर्यंत थांबायचं. मग पायदळ चढलं आणि दगड, भाले, कुऱ्हाडींखाली मागे ढकललं गेलं. घोडदळाचंही तेच झालं.

थोड्याच वेळात डावीकडचे ब्रेटन उधळून खाली पळाले. ड्यूक पडला अशी आवई उठली. विल्यमने शिरस्त्राण मागे सारून तोंड दाखवलं आणि पळणाऱ्यांना अडवलं. बायोच्या पट्टीत हा क्षण स्पष्ट भरलेला आहे, आणि शेजारी त्याचा सावत्रभाऊ बिशप ओडो सोटा उगारून पोरांना धीर देतो आहे. पाठलाग करत खाली उतरलेले इंग्रज मोकळ्यावर सापडले आणि कापले गेले. आमच्या मते लढाई इथेच हातची गेली. हॅरल्डने एक तर सगळी भिंत एकदम खाली सोडायला हवी होती, नाहीतर एकालाही जागचं हलू द्यायला नको होतं. थोडे उतरले, बाकीचे राहिले, आणि उतरलेल्यांची जागा पुन्हा भरली गेली नाही.

यानंतरही दुपारभर भिंत उभी होती. हॅरल्डला जिंकायची गरज नव्हती. अंधार पडेपर्यंत टिकला असता तर रात्रीत आणखी माणसं आली असती आणि विल्यम समुद्राकडे पाठ करून अडकला असता. सूर्य पाचच्या सुमारास मावळत होता. त्या काळच्या बहुतेक लढाया तासा-दोन तासांत संपत. ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली. नॉर्मन स्वार आळीपाळीने मागे जाऊन दम घेऊ शकत होते. भिंतीतल्या माणसाला मागे जायची वाट नव्हती.

नॉर्मनांची 'खोटी माघार' ही नंतर रचलेली कथा आहे का? गनिमी काव्यात हूल देतात तसंच हे दिसतं. (सांगली)

पहिली पळापळ खरी होती. त्यानंतर नॉर्मनांनी दोनदा मुद्दाम पाठ दाखवली आणि पाठलागावर आलेल्यांना वळून घेरलं, असं प्वातिए लिहितो. काही अभ्यासकांना हे पटत नाही. हजार-दोन हजार घोडे ऐन लढाईत एकाच वेळी पळायचं आणि वळायचं नाटक करणार कसे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण सगळी फळी एकदम पळायची गरजच नाही. नॉर्मन स्वार लहान टोळ्यांत लढत. प्रत्येक टोळीला आपलं निशाण, टोळीतले लोक एकाच धन्याच्या पदरी लहानपणापासून एकत्र घोड्यावर वाढलेले. निशाण मागे वळलं की वळायचं, उलटं फिरलं की फिरायचं. एक-दोन टोळ्यांनी असं केलं तरी भिंतीतून शे-पन्नास माणसं बाहेर ओढता येतात. विल्यमच्याच लोकांनी १०५३ मध्ये आर्कच्या वेढ्यात फ्रेंचांवर हीच युक्ती वापरली होती, त्यामुळे ती त्यांना नवी नव्हती.

हूल देणं एवढंच साम्य. गनिमी काव्यात मुलूख आपला, वेळ आपली आणि रसद तोडणं हा मुख्य डाव. विल्यम त्या दिवशी परमुलखात होता आणि त्याच्याकडे वेळ नव्हता.

पानिपतच्या दुसऱ्या लढाईत हेमूला डोळ्यात बाण लागला, हॅरल्डलाही तसाच. दोन्ही कथा खऱ्या का? (ठाणे)

हेमूची खरी मानायला अडचण नाही. ५ नोव्हेंबर १५५६ ला तो हत्तीवरून जिंकत आलेली लढाई लढत असताना डोळ्यात बाण लागून बेशुद्ध पडला, फौज उधळली आणि दिल्ली अकबराकडे गेली.

हॅरल्डचं कोडं जास्त गुंतागुंतीचं आहे. लढाईच्या सगळ्यांत जवळचा सविस्तर लेखक प्वातिए राजा कसा मेला ते सांगतच नाही. एका जुन्या लॅटिन काव्यात चार स्वारांनी त्याला गाठून तोडलं असं आहे. डोळ्यातल्या बाणाचा उल्लेख माँते कॅसिनोच्या आमातुस नावाच्या भिक्षूच्या इतिहासात आहे, पण त्याचं लिखाण आपल्यापर्यंत आलंय ते बऱ्याच नंतरच्या फ्रेंच भाषांतरातून. बाराव्या शतकात विल्यम ऑफ माम्सबरी दोन्ही जोडतो: आधी बाण, मग पडलेल्या राजाच्या मांडीवर एका स्वाराचा घाव, आणि हा घाव नामर्दपणाचा म्हणून ड्यूक विल्यमने त्या स्वाराला काढून टाकलं.

बायोच्या पट्टीत 'इथे राजा हॅरल्ड मारला गेला' या अक्षरांखाली दोन माणसं आहेत. एकाच्या तोंडापाशी बाण, दुसऱ्याच्या मांडीवर तलवार. दोघांतला हॅरल्ड कोण, की दोन्ही तोच, यावर वाद आहे. आणखी एक मेख आहे. १७२९ मध्ये काढलेल्या नकलेत पहिल्या माणसाच्या हातात नुसती रेघ आहे, तिला बाणाची पिसं नाहीत. तो भाला फेकत असावा असं दिसतं. एकोणिसाव्या शतकात पट्टीची डागडुजी झाली, त्यानंतरच्या नकलांत ठळक बाण आहे. म्हणजे आज पुस्तकांत छापला जातो तो बाण काही अंशी दुरुस्तीचा टाका असू शकतो.

एवढं मात्र नक्की की तो त्या दिवशी रणातच मेला. त्याचे गर्थ आणि लिओफवाइन हे भाऊही त्याच दिवशी पडले. प्रेताची इतकी विटंबना झाली होती की, वॉल्थमच्या मठातल्या परंपरेप्रमाणे, त्याची सहचरी एडिथ हिला अंगावरच्या खुणांवरून ते ओळखावं लागलं.

पानिपतावर एवढी हानी होऊनही मराठी राज्य दहा वर्षांत सावरलं. मग इंग्लंड एका दिवसात कसं गेलं? (बडोदा)

पहिली गोष्ट म्हणजे मेलं कोण. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव गेले, भाऊसाहेब गेले, एक पिढी कापली गेली. पण साताऱ्यात छत्रपती होते, पुण्यात सोळा वर्षांचे माधवराव उभे राहिले, मल्हारराव होळकर आणि महादजी शिंदे जिवंत परतले. हेस्टिंग्जला राजा आणि त्याचे दोन भाऊ एकाच टेकडीवर संपले, तिसरा भाऊ शत्रूच्या बाजूने लढताना तीन आठवड्यांपूर्वी मेला होता. हॅरल्डचे मुलगे अननुभवी. नेतृत्व करायला एडविन आणि मॉर्कार उरले, आणि ते लंडन सोडून आपल्या मुलखात निघून गेले.

दुसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अकराव्या शतकातलं इंग्लंड युरोपातल्या सगळ्यांत नीट बांधलेल्या राज्यांपैकी एक होतं. परगणे, त्यांचे शेरीफ, हाइडवर बसवलेला सारा, राजाच्या नावाचं एकच नाणं, शिक्का मारलेले हुकूम. असं राज्य वरून पकडलं की अख्खं हाती येतं. कालपर्यंत जो शेरीफ हॅरल्डसाठी सारा गोळा करत होता, तोच आज विल्यमसाठी करू शकत होता. मराठी सत्ता सरदारांच्या फौजा आणि मुलखांत वाटलेली होती. तिचं एक डोकं उडवून बाकीचं हातात येण्यासारखं नव्हतं.

तिसरी गोष्ट, अब्दाली निघून गेला, विल्यम राहिला. उतरल्या दिवसापासून त्याने मातीचे ढिगारे आणि लाकडी कोट उभारायला सुरुवात केली.

पण 'एका दिवसात' हे जरा जास्त होतं. लढाईनंतर विल्यम हेस्टिंग्जला शरणागतीची वाट पाहत बसला आणि कोणीच आलं नाही. लंडनमध्ये एडगरला राजा निवडलं गेलं. मग विल्यम डोव्हर आणि कँटरबरी घेत, फौजेत हगवण लागलेली असताना, थेम्सच्या दक्षिण काठचं साउदर्क जाळून, वॉलिंगफर्डला नदी ओलांडून लंडनला वळसा घालत गेला आणि बर्कमस्टेडला इंग्रज पुढारी शरण आले. २५ डिसेंबर १०६६ ला वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक. आत जयघोष झाला, बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना तो दंगा वाटला आणि त्यांनी आसपासची घरं पेटवून दिली. पुढे १०६८ ला एक्सेटर, १०६९ ला यॉर्क उठलं. १०६९-७० च्या हिवाळ्यात त्याने उत्तरेतली गावं, धान्य आणि बी-बियाणंसुद्धा जाळलं. माणसं उपासमारीने मेली. १०८६ ची जमीन मोजणी झाली तेव्हा थेट राजाकडून जमीन धरणाऱ्या बड्या जमीनदारांत फक्त दोन इंग्रज उरले होते. हेस्टिंग्जने राजा ठरवला. राज्य पुरतं ताब्यात यायला आणखी पाच वर्षं लागली.

लढाईचा वार्षिक दिवस १४ ऑक्टोबरच धरायचा का? (गोवा)

तारीख म्हणून हो, वार शनिवार. ऋतूसाठी सहा दिवस मिळवा. तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग चालत असे, म्हणून त्या दिवशीचा सूर्य आजच्या २० ऑक्टोबरचा. सूर्यास्ताचा वरचा हिशेब त्यावरच केला आहे.

आम्ही रेडिंगला राहतो. मुलांना ही जागा दाखवायची आहे, काय काय पाहावं? (इंग्लंड)

आधी तुमच्या गावातलंच पाहा. रेडिंगच्या संग्रहालयात बायोच्या पट्टीची पूर्ण लांबीची प्रतिकृती आहे. १८८०च्या दशकात लीक इथल्या भरतकाम करणाऱ्या स्त्रियांनी ती बनवली. मुलांना तिथे जहाजांतले घोडे, ओडोचा सोटा आणि इंग्रजांचा तो एकटा तिरंदाज शोधायला लावा.

लढाईची जागा हेस्टिंग्ज शहरात नाही. ती तिथून साधारण दहा किलोमीटर आत, 'बॅटल' याच नावाच्या गावात आहे. लंडनच्या चेअरिंग क्रॉसवरून हेस्टिंग्जकडे जाणारी गाडी तिथे थांबते. विल्यमने तिथे मठ बांधला आणि त्याच्या चर्चची मुख्य वेदी हॅरल्ड पडला त्या जागी ठेवली, अशी परंपरा आहे. चर्च आता नाही, वेदीची जागा दगडाने दाखवली आहे. मठासाठी टेकडीचा माथा कापून सपाट केला गेला, त्यामुळे आज दिसतो तो चढ मूळच्या चढापेक्षा सौम्य आहे. लढाईचे म्हणून खात्रीने सांगता येतील असे अवशेष या मातीत सापडलेले नाहीत, आणि म्हणूनच काही जण लढाई शेजारच्या कॅल्डबेक टेकडीवर झाली असं मांडतात. आम्हाला मठाचीच जागा पटते. टेकडीच्या अगदी टोकावर, बांधकामाला इतक्या गैरसोयीच्या ठिकाणी, तेही पाण्यापासून दूर, एरवी कोणी मठ बांधणार नाही.

वरून मैदान पाहून परत फिरू नका. पायवाटेने खाली ओलसर भागापर्यंत जा आणि नॉर्मनांच्या बाजूने वर चढा. ऑक्टोबरमध्ये गेलात तर गवत निसरडं असतं, पकड असलेले बूट घाला. वेळ उरला तर पेव्हेन्सीचा रोमन कोट पाहा. विल्यम उतरला तेव्हा भरतीचं पाणी त्याच्या भिंतींपर्यंत येत होतं. आता समुद्र तिथून दीडेक किलोमीटर मागे गेला आहे.